केअर होमचे मॅनेजर झालात तरी पिन तुमच्याच नावावर: एनएमसीची शिस्तप्रक्रिया पायरीपायरीने

ब्रिटनमधल्या नर्सिंग होममध्ये फ्लोअरवरची नर्स आधी क्लिनिकल लीड होते, मग डेप्युटी आणि पुढे होम मॅनेजर. औषधांची ट्रॉली सुटते, रोटा आणि बजेट हाती येतं. याच टप्प्यावर अनेकांना वाटू लागतं की आता आपण मॅनेजमेंटमध्ये गेलो, नर्सिंगची शिस्त फ्लोअरवरच्यांसाठी. तसं नाही. नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलच्या, म्हणजे एनएमसीच्या रजिस्टरवर तुमचं नाव आणि पिन, म्हणजे नोंदणी क्रमांक, आहे तोवर रोटा कसा लावला, कोणाची तक्रार दाबली, कोणता अपघात कळवला नाही, हे सगळं तुमच्या नर्स म्हणून असलेल्या वर्तनातच मोजलं जातं.

हा मुद्दा कायद्याने फार आधी निकाली काढला आहे. ब्रिस्टलच्या रुग्णालयात लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांबद्दल इशारे मिळूनही तिथल्या मुख्य अधिकाऱ्याने हस्तक्षेप केला नाही. हे अधिकारी, डॉ. रॉयलन्स, पेशाने डॉक्टर होते, पण आपण तिथे प्रशासक होतो, डॉक्टर म्हणून काम करत नव्हतो, असा त्यांचा बचाव होता. १९९९ साली त्यांचं अपील ऐकणाऱ्या प्रिव्ही कौन्सिलने तो फेटाळला. नोंदणीकृत व्यावसायिक खुर्ची बदलली म्हणून रुग्णांबद्दलच्या जबाबदारीतून सुटत नाही, हे तत्त्व तेव्हापासून पक्कं आहे आणि नर्सनाही तेच लागू होतं.

हा लेख महाराष्ट्रातून सीबीटी (संगणकावरची) आणि ऑस्की (प्रात्यक्षिक) या नोंदणीच्या परीक्षा पार करून इंग्लंडमध्ये आलेल्या आणि आता मॅनेजरच्या जागेवर जाणाऱ्या नर्ससाठी आहे. एनएमसी चारही देशांसाठी एकच आहे. होमची तपासणी करणारी संस्था मात्र वेगळी असते: इंग्लंडमध्ये सीक्यूसी, स्कॉटलंडमध्ये केअर इन्स्पेक्टोरेट, वेल्समध्ये केअर इन्स्पेक्टोरेट वेल्स, उत्तर आयर्लंडमध्ये आरक्यूआयए. खालचे तपासणीचे नियम इंग्लंडचे आहेत.

एकाच घटनेच्या चार चौकशा

समजा, एका आजींना दुसऱ्याच रहिवाशाचं इन्सुलिन दिलं गेलं आणि त्यांना रुग्णालयात न्यावं लागलं. इथून चार वाटा एकाच वेळी सुरू होऊ शकतात, आणि नवीन मॅनेजरचा गोंधळ इथेच होतो.

मालक कंपनी आपल्या शिस्तनियमांप्रमाणे चौकशी करते. नोकरीच्या कराराचं पालन झालं का, एवढाच तिचा प्रश्न. स्थानिक कौन्सिल, म्हणजे तिथली पालिका, २०१४ च्या केअर ॲक्टमधल्या कलम ४२ खाली सेफगार्डिंगची (असुरक्षित व्यक्तींच्या छळ-दुर्लक्षापासून संरक्षणाची) चौकशी करते, तिचा प्रश्न रहिवासी सुरक्षित आहेत का हा. सीक्यूसी २०१४ च्या नियमांनुसार होम कायद्याप्रमाणे चालतं का हे बघते. यात नियम १२ सुरक्षित काळजीचा, १३ सेफगार्डिंगचा, १७ सुशासनाचा, १८ मनुष्यबळाचा आणि २० ड्युटी ऑफ कँडरचा, म्हणजे चूक मोकळेपणाने सांगण्याच्या कर्तव्याचा. रजिस्टर्ड मॅनेजर म्हणून सीक्यूसीकडे तुमची व्यक्तिगत नोंदणी असते, त्यामुळे काही नियम मोडल्यास खटला कंपनीबरोबर तुमच्यावरही होऊ शकतो. चौथी एनएमसी. तिचा प्रश्न एकच: ही व्यक्ती आज सुरक्षितपणे नर्सिंग करायला योग्य आहे का? यालाच फिटनेस टू प्रॅक्टिस म्हणतात.

एका चौकशीतून सुटलात म्हणजे बाकीच्यांतून सुटलात असं होत नाही. कंपनीने लेखी ताकीद देऊन प्रकरण मिटवलं तरी रहिवाशाची मुलगी थेट एनएमसीकडे जाऊ शकते, तिथे तक्रार कोणीही करू शकतं. राजीनामा दिल्यानेही प्रकरण संपत नाही. तक्रार उघडी असताना रजिस्टरवरून नाव काढून घ्यायचं म्हटलं तरी एनएमसीची संमती लागते.

मॅनेजरवर आरोप कशाचे येतात

फ्लोअरवरच्या नर्सवर आरोप असतो तो तिने केलेल्या चुकीचा. मॅनेजरवरचे आरोप बहुतेक वेळा न केलेल्या गोष्टींचे असतात. आरोपपत्रात ‘अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत होम मॅनेजर असताना तुम्ही पुढील बाबींची खात्री करण्यात कसूर केली’ अशी सुरुवात असते आणि खाली यादी. केअर प्लॅन अद्ययावत नव्हते, पडण्याच्या धोक्याचं मूल्यमापन पडल्यानंतरही बदललं नाही, प्रेशर अल्सरची (पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची) नोंद झाली पण टिश्यू व्हायेबिलिटी नर्सला, म्हणजे जखमांच्या तज्ज्ञ नर्सला, कळवलं नाही, औषधांचं ऑडिट झालं पण त्यात निघालेल्या त्रुटींवर काही केलं नाही, डीबीएस (गुन्हेगारी नोंदींची तपासणी) किंवा रेफरन्स येण्याआधी केअररला शिफ्टवर लावलं, सीक्यूसीला नोटिफिकेशन गेलं नाही, स्टाफची सुपरव्हिजन झाली नाही.

‘कसूर’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. कसूर सिद्ध करायची तर ते काम करणं तुमचं कर्तव्य होतं हे आधी दाखवावं लागतं, आणि ते जॉब डिस्क्रिप्शन, कंपनीची पॉलिसी आणि एनएमसीचा कोड (नर्सच्या वर्तनाची नियमावली) यांवरून दाखवलं जातं. म्हणून पद स्वीकारताना सही केलेला प्रत्येक कागद तुमच्या बाजूने किंवा विरुद्ध बोलणार आहे. कोडमधले मॅनेजरसाठीचे मुद्दे मुळातून वाचा: १० नोंदींबद्दल, ११ काम सोपवण्याबद्दल, १४ मोकळेपणाने सांगण्याबद्दल, १६ धोका कळवण्याबद्दल, १७ असुरक्षित व्यक्तींच्या संरक्षणाबद्दल आणि २५ नेतृत्वाबद्दल.

सुधारता येणारे दोष आणि सुधारायला फार कठीण दोष असा फरक एनएमसी करते. ऑडिट नीट येत नव्हतं, हे शिकता येतं. पण तीन गोष्टी दुसऱ्या गटात जातात. एक, घडलेली चूक लपवणं किंवा कागद बदलणं. दोन, तक्रार करणाऱ्याला गप्प करणं किंवा त्याचा सूड घेणं. तिसरी खास मॅनेजरांसाठी आहे: रहिवाशांची सुरक्षितता आणि सन्मान यांपेक्षा स्वतःच्या किंवा कंपनीच्या हिताला वरचढ मानून त्यांना इजा किंवा दुर्लक्ष भोगायला लावणं. ऑक्युपन्सी भरायची, म्हणजे खाटा रिकाम्या ठेवायच्या नाहीत, म्हणून ज्याची गरज आपला स्टाफ भागवू शकत नाही अशा रहिवाशाला घेणं, हे त्याचं रोजच्या व्यवहारातलं रूप.

वेस्ट ससेक्समधलं ऑर्किड व्ह्यू हे होम २०११ मध्ये बंद झालं. २०१३ साली कोरोनरने (मृत्यूंची कारणं तपासणाऱ्या अधिकाऱ्याने) केलेल्या चौकशीत तिथल्या पाच मृत्यूंना दुर्लक्ष कारणीभूत ठरल्याचा निष्कर्ष निघाला. वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधाची मात्रा चुकल्यावर औषधांचे चार्ट नष्ट करून चूक लपवल्याचा प्रकारही तिथे उघड झाला. मॅनेजर होणाऱ्या प्रत्येक नर्सने हे प्रकरण वाचावं, कारण होम एका रात्रीत बिघडत नाही. स्टाफ कमी पडतो, ऑडिट कागदावरच राहतं, मग चूक होते, आणि ती लपवणाऱ्याला अडवणारं कोणी उरत नाही.

पहिल्या महिन्यात करायची कामं

नवीन होममध्ये मॅनेजर म्हणून रुजू झालात की पहिल्या आठवड्यातच त्या दिवशीच्या स्थितीचा लेखी पंचनामा करा. आधीच्या मॅनेजरच्या काळातल्या त्रुटी आणि तुमच्या काळातल्या त्रुटी यांच्यातली सीमारेषा पुढे याच कागदावरून ठरते. यात किती केअर प्लॅनचा मासिक आढावा थकला आहे, किती डीओएलएस अर्ज (रहिवाशाच्या स्वातंत्र्यावर बंधन घालण्याच्या परवानगीचे) मुदत संपून पडले आहेत, कोणाची मूव्हिंग अँड हँडलिंग, बेसिक लाइफ सपोर्ट आणि सेफगार्डिंगची ट्रेनिंग संपली आहे, सीडी रजिस्टरमधला (कडक नियंत्रणाखालच्या औषधांचा) साठा प्रत्यक्षाशी जुळतो का, उघड्या तक्रारी आणि उघड्या सेफगार्डिंग केसेस किती, मागच्या सीक्यूसी अहवालातल्या सूचनांपैकी काय पूर्ण झालं, हे सगळं यायला हवं. सीडीची मोजणी दुसऱ्या नर्ससोबत करा आणि दोघांच्या सह्या घ्या. हा कागद तारखेसह रिजनल मॅनेजरला ईमेलने पाठवा. नुसता आपल्या ड्रॉवरमध्ये ठेवला तर त्याचा उपयोग निम्माच.

डीओएलएसकडे विशेष लक्ष द्या. ज्यांना संमती देण्याची क्षमता नाही आणि जे सतत देखरेखीखाली आहेत, बाहेर जायला मोकळे नाहीत, त्यांच्यासाठी परवानगी लागते. होम स्वतः देऊ शकतं ती तातडीची परवानगी ७ दिवसांची, आणि कौन्सिलकडून मिळणारी जास्तीत जास्त १२ महिन्यांची. मुदतींचा तक्ता भिंतीवर किंवा सिस्टिममध्ये लावा. ‘अर्ज केला होता, कौन्सिलकडून उत्तर नाही’ हे सांगताना अर्जाची तारीख आणि पाठपुराव्याचे ईमेल हातात असायला हवेत.

काम सोपवण्याचे तीन भाग कोडच्या ११ व्या मुद्द्यात आहेत: समोरच्याला ते काम येतं का हे बघणं, करताना पुरेशी देखरेख ठेवणं, आणि झाल्यावर नीट झालं का हे तपासणं. मॅनेजरांची चूक तिसऱ्या भागात होते. क्लिनिकल लीड दर महिन्याला मार चार्टचं (औषधं दिल्याच्या नोंदींचं) ऑडिट करते, तुम्ही त्याच्यावर सही करता. सहा महिने ऑडिटमध्ये शंभर टक्के आणि फार्मसिस्ट आल्यावर बारा ठिकाणी सह्या गायब, तर प्रश्न तुम्हालाच विचारला जाईल. म्हणून दर महिन्याला त्यातले चार-पाच चार्ट स्वतः उचलून ताडून बघा आणि कोणते बघितले त्यांचा रूम नंबर ऑडिटच्या खाली लिहा.

स्टाफ कमी आहे, वरून पैसे मिळत नाहीत

मॅनेजरच्या प्रकरणांत हाच सर्वांत कठीण भाग असतो. जबाबदारी तुमची आणि तिजोरी दुसऱ्याची. एनएमसीही परिस्थितीचा विचार करते. चौकशीत कामाच्या ठिकाणची स्थिती सांगण्याची संधी मिळते. पण ती स्थिती तुम्ही तेव्हाच लिहून कळवली होती का, यावर सगळं अवलंबून असतं. फोनवर सांगितलेलं दोन वर्षांनी कोणालाही आठवत नाही.

धोक्याचा ईमेल लिहायचा एक ठरावीक साचा ठेवा. आजची वस्तुस्थिती आकड्यांत, त्यातून उद्भवणारा धोका, मी आजवर काय केलं, तुमच्याकडून काय आणि कधीपर्यंत हवं. उदाहरणार्थ: ‘आज ४२ रहिवासी आहेत. डिपेंडन्सी टूलप्रमाणे रात्री २ नर्स आणि ५ केअरर लागतात. या आठवड्यात चार रात्री १ नर्स आणि ४ केअरर आहेत. दोन मजल्यांवर एकच नर्स असल्याने रात्री १० ची औषधं ११:३० पर्यंत लांबतात आणि पहिल्या मजल्यावर तीन रहिवासी पडण्याच्या उच्च धोक्यात आहेत. मी दोन एजन्सींना विचारलं, डेप्युटीची रात्रपाळी लावली, नवीन ॲडमिशन थांबवल्या आहेत. उरलेल्या तीन रात्रींसाठी एजन्सी नर्सची मंजुरी आज ४ वाजेपर्यंत हवी.’ एवढं लिहिलं की निर्णय वरच्यांच्या पदरात पडतो, आणि तुम्ही आपल्या हातातलं काय केलं हेही दिसतं. ‘स्टाफची फार अडचण आहे, कृपया मदत करा’ या ईमेलला काही किंमत नाही.

उत्तर आलं नाही तर एक पायरी वर जा. रिजनल मॅनेजरनंतर कंपनीचा नॉमिनेटेड इंडिव्हिज्युअल (सेवेच्या देखरेखीसाठी कंपनीने नेमलेली जबाबदार व्यक्ती), त्यानंतर सीक्यूसी आणि कौन्सिलची सेफगार्डिंग टीम. आपल्याकडच्या रुग्णालयांत मेट्रनला किंवा सरांना ओलांडून वर लिहिणं उद्धटपणा मानला जातो, आणि ती सवय इथे येताना आपल्यासोबत येते. ती सोडावी लागेल. ‘साहेबांनी नको सांगितलं’ हे सुनावणीत उत्तर म्हणून चालत नाही. कोडचा १६ वा मुद्दा धोका कळवणं तुमच्यावर बंधनकारक करतो, आणि तुमच्या हाताखालचं कोणी तक्रार घेऊन आलं तर त्याला त्रास होऊ न देणं हेही त्यातच येतं.

घटना घडल्यावर पहिले काही तास

आधी रहिवासी. ऑब्झर्व्हेशन, जीपी (स्थानिक डॉक्टर) किंवा १११ (वैद्यकीय सल्ला) किंवा ९९९ (आणीबाणी), आणि कुटुंबाला फोन. डोक्याला मार लागलेला माणूस ॲपिक्साबान किंवा वॉरफरिन अशा रक्त पातळ करणाऱ्या औषधावर आहे का हे विचारायला विसरू नका, बऱ्याच प्रकरणांत तेच विसरलेलं सापडतं.

नंतर नोंदी. ज्याने पाहिलं त्यानेच लिहायचं, आणि ज्या क्रमाने घडलं त्या क्रमाने. उशिरा लिहावं लागलं तर ‘उशिराची नोंद’ असं स्पष्ट लिहून लिहिण्याची खरी तारीख-वेळ टाका. मार चार्ट, फ्लुइड चार्ट, रिपोझिशनिंग चार्ट यांतल्या रिकाम्या चौकटी मागाहून भरायच्या नाहीत, कोणालाही भरायला सांगायचं नाही. सीक्यूसी उद्या येणार म्हणून थकलेले केअर प्लॅन जुन्या तारखा टाकून पूर्ण करणं हा मॅनेजरांना रजिस्टरवरून उतरवणारा खरा गुन्हा आहे. इलेक्ट्रॉनिक सिस्टिम प्रत्येक नोंदीची खरी वेळ आणि लॉगिन वेगळं साठवते, म्हणून ते लपतही नाही. रिकामी चौकट म्हणजे त्रुटी. मागाहून भरलेली चौकट म्हणजे अप्रामाणिकपणा. दोन्हींच्या शिक्षेत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

मग कळवणं. गंभीर इजा, सेफगार्डिंगचा संशय, पोलिसांशी संबंधित घटना आणि मृत्यू यांची सूचना सीक्यूसीला विनाविलंब जायला हवी. रहिवाशाला आणि कुटुंबाला ड्युटी ऑफ कँडरप्रमाणे काय झालं ते समोरासमोर सांगायचं, माफी मागायची, आणि नंतर तेच पत्राने द्यायचं. केअर होमसाठी हा नियम कधी लागू होतो त्याचे निकष नियमातच आहेत; सलग २८ दिवस राहिलेलं किंवा राहण्याची शक्यता असलेलं दुखणं किंवा शारीरिक क्षमतेतली घट हा त्यांपैकी एक. ‘सॉरी म्हटलं तर कबुली होईल’ अशी भीती बाळगू नका. २००६ च्या कॉम्पेन्सेशन ॲक्टप्रमाणे माफी मागणं म्हणजे दायित्व मान्य करणं नव्हे.

एनएमसीचं पत्र आल्यावर

पत्र ईमेलने येतं. एनएमसी ऑनलाइनवर तुमचा पत्ता आणि ईमेल चालू असायला हवा, कारण जुन्या ईमेलवर गेलेली नोटीस तुम्ही वाचली नाही म्हणून थांबत नाही.

त्याच दिवशी उत्तर लिहू नका. आधी युनियनला कळवा: आरसीएन, युनिसन किंवा तुमची जी असेल ती. कायदेशीर मदत मिळायची तर घटना घडली तेव्हा तुम्ही सदस्य असायला हवे होतात अशी अट असते. पत्र आल्यावर सदस्य होऊन त्या प्रकरणात उपयोग होत नाही. म्हणून मॅनेजर झाल्यावर ‘कंपनीचा इन्शुरन्स आहे’ म्हणत सदस्यत्व सोडू नका. कंपनीचं कव्हर नुकसानभरपाईच्या दाव्यांसाठी असतं; पिनवरच्या चौकशीत कंपनी अनेकदा तक्रारदारच असते.

मग आपल्या आठवणीप्रमाणे घटनाक्रम लिहून तारखेसह ठेवा. कागद गोळा करताना सापळा असा: रहिवाशाच्या नोंदींचे फोटो मोबाइलवर काढणं, ऑफिसच्या ईमेलमधून आपल्या जीमेलवर फाइली पाठवणं. ही गोपनीयतेची मोडतोड ठरते आणि एकाचे दोन आरोप होतात. हवे असलेले कागद तारीख आणि नाव सांगून लेखी मागा, नियोक्त्याकडून किंवा तुमच्या वकिलामार्फत एनएमसीकडून. आपलं कॉन्ट्रॅक्ट, जॉब डिस्क्रिप्शन, स्वतःची सुपरव्हिजन आणि ट्रेनिंग सर्टिफिकेट मात्र आधीपासूनच घरी असायला हवीत. तक्रारदाराला किंवा साक्षीदार होऊ शकणाऱ्या सहकाऱ्याला फोन करू नका, व्हॉट्सॲपवर सहज विचारपूससुद्धा नको.

प्राथमिक छाननीत बरीच प्रकरणं बंद होतात. पुढे गेलं आणि धोका मोठा वाटला तर अंतरिम आदेशाची सुनावणी लागते, तीही फार थोड्या दिवसांच्या नोटिशीवर. तिथे काय घडलं याचा निवाडा होत नसतो. लोकांच्या संरक्षणासाठी किंवा सार्वजनिक हितासाठी आत्ताच बंधन घालायला हवं का हे बघतात. आदेश १८ महिन्यांपर्यंतचा असू शकतो आणि त्याचा मधूनमधून आढावा होतो. इथे ‘मी निर्दोष आहे’ यावर वेळ घालवण्यापेक्षा सध्याची नोकरी काय आहे, देखरेख कोणाची आहे, मॅनेजरच्या पदावरून बाजूला होऊन फक्त नर्स म्हणून काम करायची तयारी आहे का, हे सांगणारं सध्याच्या नियोक्त्याचं पत्र जास्त कामाचं. निलंबनाऐवजी अटींवर काम चालू राहण्याची शक्यता त्याने वाढते.

निवेदन कसं लिहायचं

महाराष्ट्रातल्या सरकारी रुग्णालयात मेमो आला की आपण खुलासा लिहितो: ‘सदर चूक अनवधानाने झाली, पुन्हा होणार नाही, तरी क्षमा असावी.’ एनएमसीला असा खुलासा पाठवला तर तो उलटतो, कारण त्यात समज दिसत नाही. निकाल देणाऱ्या पॅनेलला हवं असतं ते तुमचं चिंतन, आणि ते ठोस असायला लागतं.

पहिला भाग वस्तुस्थितीचा. आरोपाच्या प्रत्येक कलमापुढे मान्य, अमान्य किंवा अंशतः मान्य, आणि अमान्य असेल तर कोणत्या कागदाच्या आधारावर. नाकारण्याचा तुम्हाला हक्क आहे, फक्त ‘माझ्यावर वर्णद्वेषातून आरोप झाला’ असं असेल तर त्याचेही प्रसंग आणि तारखा द्या. परदेशातून आलेल्या नर्सवर अन्यायाने तक्रारी होतात, हे खरं आहे. पण पॅनेलपुढे तो मुद्दा पुराव्यानेच टिकतो.

दुसरा भाग परिणामांचा. त्या आजींना काय सोसावं लागलं, मुलीचा विश्वास कसा गेला, स्टाफवर काय परिणाम झाला. इथे स्वतःच्या नोकरीची, कर्जाची, मुलांच्या शाळेची गोष्ट आणू नका. ती खरी असते, पण या परिच्छेदात तिची जागा नाही.

तिसरा भाग कारणांचा. ‘कामाचा ताण होता’ एवढ्यावर थांबलात तर पॅनेल विचारेल की ताण पुन्हा आला तर काय. म्हणून असं लिहा: ऑडिटच्या निकालावर सही करताना मूळ चार्ट बघण्याची पद्धत माझ्याकडे नव्हती, एकच नर्स असताना इन्सुलिनची ओळखपडताळणी दुसऱ्या व्यक्तीशिवाय होत होती, आणि हे मला मार्चपासून माहीत होतं.

चौथा भाग बदलाचा, पुराव्यासकट. कोर्सचं सर्टिफिकेट एकटं फार दुबळं असतं. कोर्सनंतर कामात काय बदललं ते दाखवा: नवीन ऑडिटचा नमुना, त्यात सापडलेल्या त्रुटी आणि त्यांवरची कारवाई, सुपरव्हायझरचा तारखेचा अहवाल. शिफारसपत्र देणाऱ्याला आरोप माहीत आहेत असं त्या पत्रात स्पष्ट लिहिलेलं असलं पाहिजे, नाहीतर पॅनेल त्याला वजन देत नाही. इंटरनेटवरून उतरवलेलं किंवा यंत्राकडून लिहून घेतलेलं चिंतन प्रश्नोत्तरांत लगेच उघडं पडतं. आधी मराठीत लिहा, मग इंग्रजी करा. विचार तुमचे राहतील.

केस एक्झामिनर, पॅनेल, निकाल

तपास संपल्यावर दोन केस एक्झामिनर फाइल बघतात, एक नोंदणीकृत आणि एक सामान्य नागरिक. ते प्रकरण बंद करू शकतात, सल्ला देऊ शकतात, इशारा देऊ शकतात, किंवा तुमच्या संमतीने अंडरटेकिंग (ठरावीक गोष्टी पाळण्याची हमी) घेऊन संपवू शकतात. इशारा १२ महिने जाहीर राहतो. त्यापुढचं प्रकरण समितीच्या पॅनेलकडे जातं, ती कागदांवर बैठक घेते किंवा सुनावणी. सुनावणीची नोटीस किमान २८ दिवस आधी येते. सुनावणी सहसा खुली असते. प्रकृतीशी संबंधित भाग खासगीत होतो.

पॅनेल चार प्रश्न क्रमाने सोडवतं. तथ्यं सिद्ध झाली का. इथे ‘घडलं असण्याची शक्यता जास्त’ एवढा दिवाणी निकष पुरतो. ते गैरवर्तन आहे का. आज फिटनेस बाधित आहे का. आणि असेल तर आदेश कोणता. तिसऱ्या प्रश्नासाठी २०११ च्या ग्रँट खटल्यातली कसोटी वापरतात: रुग्णांना विनाकारण धोक्यात घातलं का, पेशाची बदनामी केली का, पेशाचं मूलतत्त्व मोडलं का, अप्रामाणिकपणा केला का, आणि यांपैकी काही पुढे होण्याची शक्यता आहे का. तुमचं निवेदन आणि बदलाचा पुरावा याच टप्प्यावर कामाला येतो.

आदेशांत कॉशन (ताकीद) १ ते ५ वर्षांचा, अटी जास्तीत जास्त ३ वर्षांच्या, निलंबन जास्तीत जास्त १२ महिन्यांचं, आणि शेवटी रजिस्टरवरून नाव काढणं. मॅनेजरांवरच्या अटी सहसा अशा: होम मॅनेजर किंवा डेप्युटीचं पद घ्यायचं नाही, शिफ्टवर एकटी नर्स म्हणून राहायचं नाही, लाइन मॅनेजरला दरमहा भेटायचं, आढाव्याआधी अहवाल पाठवायचा. अपील उच्च न्यायालयात, स्कॉटलंडमध्ये कोर्ट ऑफ सेशनमध्ये, २८ दिवसांच्या आत. ही मुदत न्यायालयं फार काटेकोरपणे पाळतात.

नोकरी, व्हिसा आणि पुढचं

व्हिसाचा प्रश्न मॅनेजरच्या पदोन्नतीपासूनच सुरू होतो. नर्स आणि केअर होम मॅनेजर यांचे ऑक्युपेशन कोड वेगळे आहेत, त्यामुळे पद बदलण्याआधी नवीन अर्ज लागतो का हे स्पॉन्सरकडून, म्हणजे तुमच्या व्हिसाची जबाबदारी घेतलेल्या नियोक्त्याकडून, लेखी घ्या. नोकरी गेली तर स्पॉन्सर १० कामकाजाच्या दिवसांत गृहखात्याला कळवतो, आणि सहसा ६० दिवसांची मुदत देऊन व्हिसा आटोपता घेतला जातो. इमिग्रेशनचा सल्ला युनियनच्या वकिलापासून वेगळा, पण त्याच आठवड्यात घ्या.

एनएमसीने बंधन घातलं असेल तर ते प्रत्येक नियोक्त्याला, एजन्सीलासुद्धा, कळवणं कोडप्रमाणे तुमचं काम आहे. दुसऱ्या नियामकाची कारवाई असेल, अगदी भारतातल्या राज्य नर्सिंग कौन्सिलची, तर ती एनएमसीला कळवायची. चौकशी चालू असली तरी रिव्हॅलिडेशन, म्हणजे नोंदणीचं नूतनीकरण, चुकवू नका: ३ वर्षांत ४५० तास काम, ३५ तास सीपीडी (व्यावसायिक शिक्षण) आणि त्यातले २० इतरांसोबत, ५ फीडबॅक, ५ लेखी चिंतनं. मॅनेजमेंटचं काम, नर्सिंगच्या ज्ञानावर आधारलेलं असेल तर, त्या ४५० तासांत धरता येतं.

अटी किंवा निलंबन संपण्याआधी आढाव्याची सुनावणी होते. मागच्या पॅनेलने निकालपत्राच्या शेवटी ‘पुढच्या पॅनेलला याची मदत होईल’ म्हणून यादी दिलेली असते. त्यातला एकेक मुद्दा क्रमाने फाइल करून न्या. रजिस्टरवरून नाव गेलं असेल तर परत येण्याचा अर्ज ५ वर्षांनी करता येतो. त्या काळात केअरर म्हणून काम करायचं असेल तर डीबीएसच्या बंदीयादीत नाव नाही ना हे आधी तपासा, आणि अर्ज करताना तेव्हाचे सुपरव्हायझर, कोर्स आणि वाचन यांच्या तारखांसह नोंदी जोडा.